पडद्यावरून बोर्डावर : विटा परिसरातील गाणाऱ्या विनोदाचे रूपांतर

रूपांतराची मराठीतील चर्चा प्रायः संहितेपासून सुरू होते आणि संहितेपाशीच संपते. कादंबरीचे नाटक झाले, परभाषेतील नाटक मराठीत आले, नाटकाचा चित्रपट झाला, की मूळ कृतीत काय होते आणि रूपांतरात काय उरले याचा ताळेबंद मांडला जातो. दृक्‌श्राव्य माध्यमातील गाणारा विनोद रंगमंचावर आणण्याचा प्रश्न या चौकटीत बसत नाही. पडद्यावरून बोर्डावर येणारी सामग्री बहुधा संहितेच्या रूपात येतच नाही. ती येते चालीच्या, ठसक्याच्या आणि लकबीच्या रूपात. मराठीत हा परतीचा प्रवास नाट्यगृहांपेक्षा यात्रेतल्या तंबूत अधिक घडला आहे, आणि म्हणूनच समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे ठाणे असलेले विटा या दृष्टीने लक्षणीय ठरते. यंत्रमागांचे हे गाव. सोन्याचांदीच्या गलाईसाठी येथील माणसे देशभरच्या शहरांत पांगलेली आहेत. गावच्या यात्रेला ही मंडळी परततात तेव्हा त्यांच्याबरोबर शहरी पडद्याची अभिरुचीही परतते. नारायणगावाप्रमाणेच विट्यालाही तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात. गावोगावच्या यात्रा समित्या आणि फडमालक यांची जेथे बोलणी होतात, तेथे रंगबाजीत काय हवे याचीही बोलणी ओघानेच होतात. तेव्हा पडद्यावरचे गाणे बोर्डावर आले ते केवळ कलावंताच्या लहरीने नव्हे. त्यामागे मागणीचा रेटा होता.

या रेट्याला अवनती म्हणण्याची प्रथा जुनी आहे. लावणी गेली, चित्रपटगीत आले, तमाशा बाटला, असा हा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा नाही. शाहिराच्या कवनाला असलेली जागा आक्रसली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे : तमाशाचे तमाशापण गाण्याच्या उगमात असते. इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही.

सांगलीतच 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या खेळांत पदे रचलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे. पात्रांचे गद्य भाषण मात्र बव्हंशी आयत्या वेळचे असे. पद्य बांधलेले आणि गद्य मोकळे ही व्यवस्था तमाशातही आढळते. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग या क्रमात जेथे गाणे आहे तेथे सुरत्ये, ढोलकी आणि तुणतुणे यांची शिस्त आहे. जेथे बोलणे आहे तेथे सोंगाड्याचे राज्य आहे. गौळणीतली मावशी किंवा बतावणीतला सोंगाड्या काय बोलेल हे समोरचे गाव ठरवते. गावातल्या सरपंचाचे, सोसायटीचे किंवा आटलेल्या विहिरीचे नाव त्या रात्रीपुरते वगात शिरते आणि दुसऱ्या रात्री गळून पडते.

दूरचित्रवाणीने ही व्यवस्था मोडली. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1984च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वाढले आणि पडदा तालुक्याच्या गावांत पोचला. या माध्यमात पद्यही बांधलेले आणि गद्यही बांधलेले. विनोदाची वेळ संकलक ठरवतो, प्रेक्षकाचे हसू नव्हे. असा विनोद बोर्डावर आणायचा तर गाणे तसेच ठेवता येते. गद्याची गाठ मात्र पुन्हा सोडावी लागते. या परिसरातील रूपांतराचे मर्म हेच आहे.

तुलनेसाठी पाश्चात्त्य रंगभूमीवरील एक उदाहरण उपयुक्त आहे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांची ‘सिंड्रेला’ ही संगीतिका थेट दूरचित्रवाणीसाठी लिहिली गेली आणि 31 मार्च 1957 रोजी सीबीएस वाहिनीवरून प्रसारित झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात तिचे नाताळी प्रहसनाच्या परंपरेत रूपांतर झाले. तेथे त्याच जोडीच्या ‘मी अँड ज्युलिएट’ या अन्य संगीतिकेतील गाणीही तिच्यात आली. ब्रॉडवेवर ती 2013 साली पोचली, तेव्हाही डग्लस कार्टर बीन यांनी गद्य नव्याने लिहिले आणि रचनाकारांच्या संग्रहातील आणखी गाणी जोडली गेली. पडद्यावरचा आटोपशीर खेळ रंगमंचाच्या अवधीला पुरवण्यासाठी दोन्ही वेळा गाण्यांची भर पडली, आणि जे काही नवे बोलणे आले ते प्रयोगापूर्वी लिहून निश्चित झाले. यात्रेतल्या बोर्डावर रात्र भरून काढायची असते तेव्हा गाणे वन्स मोअरने लांबते, पण खरी भर पडते ती बोलण्याची, आणि ती लिहिलेली नसते.

या मोकळ्या गद्याला लेखी संहितेच्या चौकटीत बसवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न म्हणजे वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (1965). ‘छपरी पलंगाचा वग’ हे त्याचे दुसरे नाव. कोतवालपदी प्रधानाच्या मूर्ख मेहुण्याची वर्णी लागते, डावललेला हवालदार मैनेच्या साहाय्याने त्याला राजाचा छपरी पलंग चोरण्यास भाग पाडतो, एवढेच कथानक. दादा कोंडक्यांनी त्यात दर प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवरील टीकाटिप्पणीची भर घातली. त्या प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. यातील किती सबनीसांचे आणि किती कोंडक्यांचे, हा प्रश्न छापील पुस्तक हाती घेऊन सुटणारा नाही. सबनीसांनीच लिहिलेल्या ‘सोंगाड्या’ (1971) या चित्रपटात तमाशाचा बोर्ड कथानकातच आला; पण कोंडक्यांच्या हजरजबाबीपणाचे तेथे एकेक निश्चित वाक्य झाले. त्या वाक्यांना चित्रपटगृहात कितीही टाळ्या पडल्या, तरी पुढच्या खेळात ती बदलू शकत नव्हती.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचे उदाहरण याहून बोलके आहे. शिवा-संभा कवलापूरकरांच्या घराण्यातले लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांनी महाराष्ट्रभर गाजले. पडद्यावरची दुहेरी भूमिका ही प्रेक्षकाला ठाऊक असलेली युक्ती असते. नट एकच आहे आणि कॅमेऱ्याने त्याचे दोन केले आहेत, हे मनाशी ठेवूनच तो हसतो. काळू-बाळूंच्या बाबतीत उलट घडे. दोन माणसे एकाच वेळी समोर उभी असत, आणि ती एकच आहेत की काय असा भास प्रेक्षक स्वखुशीने करून घेई. हा विनोद दोन देहांच्या एकत्र उपस्थितीतून जन्मतो. समीप दृश्यात एकेक चेहरा दाखवला की तो तत्काळ विरतो. पडद्याचे बोर्डावर रूपांतर करणाऱ्याने काय मिळवायचे असते, हे या जोडीकडे पाहून कळते.

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनी पुढे सोंगाड्याची रीत उघडपणे उचलली. झी मराठीवर 2014 साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधील स्त्रीवेषधारी पात्रे, पाहुण्याची खिल्ली आणि मध्येच उसळणारे गाणे यांचे नाते गौळणीतल्या मावशीशी आणि बतावणीशी आहे. मात्र वाहिनीने उचलले की त्याला नवा आविष्कार म्हणावयाचे आणि फडाने वाहिनीकडून उचलले की नक्कल म्हणावयाचे, हा पंक्तिप्रपंच समीक्षेलाही टाळता आलेला नाही. त्यामागे जातिव्यवस्थेची छाया आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ज्या मातंग, महार आणि कोल्हाटी कलावंतांनी हा विनोद घडवला, त्यांच्या नावावर संहिता नाहीत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी गणातले देवतास्तवन बदलले, गौळण वगळली आणि वग छापून प्रसिद्ध केले. लेखक म्हणून त्यांचे नाव टिकले याचे एक कारण ही छपाईही आहे.

कायद्याच्या अंगानेही हा प्रश्न उभा राहतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क 1994च्या दुरुस्तीने आला. त्यातील व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आणि गारुडीही आहेत. व्याख्येपुरता सोंगाड्या नटामध्ये येतो, परंतु हा हक्क झालेल्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाला आणि प्रसारणाला लागू होतो. रेणावीच्या माळावर एका रात्री सुचलेली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या तोंडी पडद्यावर ऐकू आलेली कोटी त्यात सापडत नाही. विट्यात सुपारी ठरते तीही फडाच्या नावावर. त्या व्यवहारात फडाच्या मालकाचे नाव असते, यात्रेची तारीख असते आणि बिदागीचा आकडा असतो.