श्रम आणि प्रार्थना (कॅथलिक परंपरा)

कामाबद्दलची कृतज्ञता कॅथलिक जीवनात मिस्सा या उपासनेतच दिसते: वेदीवर गहू-द्राक्षे नव्हे, तर भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे माणसाच्या हातांतून गेलेले दान अर्पण होते. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीने मठवासीयांना प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीचेही तास बांधून दिले. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला, तो लाल झेंड्याला शह म्हणून, असे म्हटले जाते. शह होताच; पण कामाबद्दलच्या अशा आभारांच्या आड शोषण झाकले जाते, हा आक्षेप पुरता टिकत नाही. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पोपच्या परिपत्रकानेच न्याय्य वेतन आणि कामगारांचा संघटनेचा हक्क मांडला होता. कामाबद्दलची हीच कृतज्ञता जपत मुंबईचे ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरात ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतात; नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो, शेते गेलेल्या गावठाणांतही.