काळजाजवळचं पोट

आमच्या वर्धा जिल्ह्यात, त्यातही आर्वीकडे, गवळाऊ बैलाची पारख पोरासोरालाही येते. पांढरा रंग, लांबट तोंड, हलकं अंग, चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ मुलखातून झपाट्यानं नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असं सांगतात. बाजारात गिऱ्हाईक आधी दात पाहतो. वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच. खालच्या आठांपैकी दुधाचे किती पडले नि पक्के किती आले, यावरून वय ठरतं. मग खांदा, खूर, चाल. शेतकऱ्याचं शरीरशास्त्र एवढंच, सगळं कातड्याच्या वरचं.

आतलं ज्ञान दुसऱ्यांकडे होतं. मेलेलं ढोर ओढायचं नि सोलायचं काम ज्यांच्या गळ्यात बांधलं, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. आयुष्यभर जनावरं उघडून पाहणाऱ्या त्या माणसांना 'आत काय दिसलं?' असं कोणी विचारलं नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढे कितीक गावांत लोकांनी ढोरं ओढणंही सोडलं. बरोबरच केलं. वर्ध्याला लागून नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं चर्मालय चालवलं. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. या कामाचा विटाळ मानू नये, हा त्यातला विचार.

मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. आपल्या नागपूरला ते १९५८ साली निघालं. तिथं सगळ्या जातींची पोरं मेलेलं जनावर चिरून शिकू लागली. कामात फारसा फरक नव्हता. फक्त आता त्याला पदवी मिळत होती.

१९७० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेजाऱ्याचा तरणा बैल महिनाभर खंगत गेला. चारा सोडला, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभा राही, उतारावर पाय टाकेना, छातीपुढे पोळीला सूज आली. नजर लागली म्हणून उतारे झाले. बैल गेला. सोलायला आलेल्या म्हाताऱ्यानं हातात बोटभर तार आणून दाखवली.

"पाटील, नजर नाई लागली. तार खाल्ली यानं. पार काळजाले भिडली."

त्यानं पाहिलेलं खरं होतं. ते कसं घडतं, हे मला पुढे गुरांच्या डॉक्टरनं समजावलं. जनावराच्या पोटाचे चार कप्पे. पहिला मोठा, डावी कूस जवळजवळ भरून टाकणारा. दुसरा जाळीदार, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, तो थेट पुढे. त्याच्या नि काळजाच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा. ढोर चारा नीट न चावता गिळतं. कुटारातली तार, खिळा त्या जाळीत जाऊन बसतो. पोट आवळलं की टोक पुढे सरकतं. वेळेत कळलं तर डॉक्टर डाव्या कुशीला चिरा देऊन मोठ्या पोटात हात घालतो, तिथून पुढे जाळीत चाचपून तार काढतो. उजवीकडून हे जमत नाही. चिरा कुठं घ्यायचा, हे आत काय कुठं आहे ते पाहिलेल्यालाच कळतं.

आज आमच्या गावात बैल मोजकेच उरले. मेलेलं जनावर जेसीबीनं खड्डा खणून पुरतात. उघडून कोणी पाहत नाही. मग एका गोठ्यात तारेनं ढोर गेलं, तरी बाकीच्यांना कळत नाही की आपल्याही कुटारात तार असेल. म्हणून सांगतो, कारण न कळता ढोर मेलं तर डॉक्टरला बोलवा, शवविच्छेदन करू द्या. आणि कुटार टाकण्याआधी एकदा हातानं चाळून पाहा.