प्रसूतिसेवा-प्रारूपांचे वर्गीकरण (ऑस्ट्रेलिया)

गर्भारपणातल्या तपासण्यांपासून बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत स्त्रीची काळजी कोण घेते, कुठे घेते आणि कशी, याची ठरलेली घडी म्हणजे प्रसूतिसेवेचे प्रारूप. ऑस्ट्रेलियात अशी हजाराच्या आसपास प्रारूपे असून ती ११ मुख्य गटांत मोडतात. त्यांची माहिती ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अँड वेल्फेअर’ ही सरकारी संस्था राखते.

वर्गीकरण करावे लागले ते नावांच्या घोळामुळे. एकाच नावाच्या सेवेत एका रुग्णालयात दर खेपेला नवी मिडवाइफ भेटे, तर दुसरीकडे शेवटपर्यंत एकच. अशा नोंदींवरून तुलना कसली करणार? म्हणून आता पाटीवरचे नाव बाजूला ठेवून सेवेचे गुणधर्म नोंदवतात : ती कोणत्या स्त्रियांसाठी आहे, मुख्य जबाबदारी कोणाची, तीच व्यक्ती गर्भारपणात, कळांच्या वेळी आणि नंतरही सोबत असते का. गट त्यावरून ठरतो. (मिडवाइफला ‘सुईण’ म्हटले तर फसगत होते. ही रीतसर शिकलेली, नोंदणीकृत व्यावसायिक. गुंतागुंत नसलेले बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करते.)

सर्वांत मोठा गट सार्वजनिक रुग्णालयांतल्या नेहमीच्या सेवेचा, प्रारूपांपैकी सुमारे ४० टक्के. तिथे त्या दिवशी पाळीवर जे असतील ते तपासतात. याच्या अगदी उलट ‘मिडवायफरी ग्रुप प्रॅक्टिस’ : रात्री दोनला कळा सुरू झाल्या तरी फोन ओळखीच्या मिडवाइफलाच जातो, ती रजेवर असेल तर तिची जोडीदारीण येते. खाजगी प्रसूतितज्ज्ञ, खाजगी मिडवाइफ, फॅमिली डॉक्टर आणि रुग्णालय यांची वाटून घेतलेली सेवा, जोखमीच्या गर्भवतींसाठीची सेवा हे आणखी काही गट. दुर्गम भागाचा गट वेगळा ठेवला आहे, आणि ते योग्यच. तिथे तपासण्या वस्तीजवळ होतात, पण बाळंतपणासाठी अनेकींना काही आठवडे आधीच दूरच्या शहरात जाऊन राहावे लागते. महाराष्ट्राच्या आदिवासी भागातली ‘माहेरघर’ योजना अशाच अंतराच्या अडचणीतून आली.

वरची टक्केवारी प्रारूपांची आहे, स्त्रियांची नव्हे. एखाद्या प्रारूपात वर्षाला हजारो बाळंतपणे होतात, एखाद्यात मोजकीच. शिवाय गर्भारपणात मधुमेह किंवा रक्तदाब उद्भवला की स्त्रीचे प्रारूप बदलू शकते. त्यामुळे तिची नोंद दोनदा होते : गर्भारपणाचा बराचसा काळ ज्या प्रारूपात गेला त्याची, आणि कळा सुरू होताना किंवा कळांआधीच सिझेरियन करताना जे लागू होते त्याची.