मोटारीच्या झडपांची वेळ



‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत ज्यानें ऐकली नाहीं असा माणूस विरळाच. व्यापाराच्या बळावर वाढलेलें हें गांव. १९०० सालीं मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर गेजची आगगाडी येथून धांवूं लागली, आणि जालन्याच्या कापसाला व धान्याला दूरच्या बाजारपेठा एकदम जवळच्या झाल्या. आज मी आपणांस मोटारीच्या इंजिनांतील एका लहानशा दांतेरी चक्राविषयीं सांगणार आहें. पण त्याची कथा मोटारीपासून नव्हे, तर या आगगाडीपासूनच सुरू करणें मला इष्ट वाटतें.

वाफेच्या इंजिनांत ड्रायव्हरच्या हाताशीं एक दांडा किंवा चाक असे. गाडी पुढें न्यावयाची कीं मागें, एवढेंच तें ठरवीत नसे. सिलिंडरांत वाफ किती वेळ शिरूं द्यावयाची, हेंहि त्याच्याच स्वाधीन असे. स्टेशनांतून जड गाडी सुटतांना झडप बराच वेळ उघडी राही. गाडीनें वेग घेतला, कीं ड्रायव्हर ती लवकर मिटूं देई, आणि आंत शिरलेली वाफ फुगतां फुगतां उरलेलें काम करी. कोळसा वांचे आणि पाणीहि वांचे. या युक्तीचें एक प्रसिद्ध रूप १८४२ सालीं न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यांत सिद्ध झालें. १८४४ सालीं बेल्जममधील वाल्शार्ट यांनीं दुसरें काढलें. दोहोंमागील तत्त्व एकच: झडप तीच, पण तिच्या मिटण्याची वेळ कामाप्रमाणें बदलावी.

पुढें १८७६ सालीं जर्मनींत निकोलस ऑटो यांनीं चार धांवांचें इंजिन चालवून दाखविलें. आंत घेणें, दाबणें, जाळणें व बाहेर टाकणें या चार क्रिया पुऱ्या होईपर्यंत मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोन वेळां फिरतो. झडपा उघडणारा कॅमचा दांडा मात्र एकदांच. म्हणून क्रँकवरील चक्रास जितके दांते, त्याच्या दुप्पट दांते कॅमच्या चक्रास असतात. हें गणित सोपें होतें, पण त्यांत एक गोष्ट हरवली. आगगाडीच्या ड्रायव्हरच्या हातीं जी मोकळीक होती, ती मोटारीच्या चालकाच्या हातीं राहिली नाहीं. झडपांची वेळ कारखान्यांत एकदां ठरली, ती ठरलीच.

आतां ही वेळ इतकी महत्त्वाची कां? हवेलाहि जडपणा असतो. वेगानें आंत शिरणारा हवेचा झोत पिस्टन तळाशीं पोंचला तरी क्षणभर शिरतच राहतो. म्हणून आंत घेणारी झडप पिस्टन तळ सोडून वर निघाल्यावर कांहीं अंशांनीं मिटवितात. इंजिन जोरांत फिरत असतां या उशिरानें अधिक हवा आंत येते. परंतु तेंच इंजिन मंद फिरत असतां आंत आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते व ओढ कमी पडते. घाट चढणाऱ्या गाडीस एक वेळ योग्य, शर्यतीच्या गाडीस दुसरी. कारखानदार त्यांतल्या त्यांत मधला मार्ग काढतो.

दीर्घकाळ आपल्याकडील रस्त्यांवर दिसणारी, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट कॅमचा दांडा इंजिनाच्या पोटांत ठेवी व तो सांखळीनें फिरवी. १९१२ सालीं प्यूजो कंपनीच्या शर्यतीच्या गाडीनें दोन कॅमदांडे झडपांच्या डोक्यावर नेऊन बसविले होते. १९६२ सालच्या सुमारास जर्मनींतील ग्लास कंपनीनें सांखळीऐवजीं दांतेरी रबरी पट्टा वापरला, आणि १९८३ सालीं आपल्या देशांत आलेल्या मारुती ८०० नें हा पट्टा गांवोगांवच्या गॅरेजांत पोंचविला. या पट्ट्याबरोबरच आजच्या विषयाचें चक्र, म्हणजे हलवितां येणारा कॅम गिअर, हौशी लोकांच्या तोंडीं आला.

त्याची रचना सोपी आहे. साधें चक्र एकसंध असतें. हें दोन भागांचें असतें: आंतील भाग कॅमच्या दांड्यास घट्ट, बाहेरील दांतेरी कडें पट्ट्याच्या ताब्यांत. दोहोंना जोडणारे बोल्ट लांबट खांचांतून जातात. बोल्ट सैल करावे, कडें थोडें सरकवावें, पुन्हां आवळावें. कडेनें अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात.

याची गरज कां पडते, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कॅमच्या चक्रास ४० दांते आहेत असें धरा. पट्टा एक दांता सरकविला तर कॅम ९ अंश हलतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबानें १८ अंश. हवे असतात दोन किंवा चार अंश! म्हणजे सोनाराच्या कांट्याचें काम लांकडाच्या वखारींतील तराजूवर करण्यासारखें. शिवाय इंजिन तापून हेड वांकडें झालें व तें घांसून सपाट केलें, म्हणजे कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि त्याची वेळ मागें पडते. दांत्यांमध्यें ८ मिलिमीटर अंतर असलेल्या अशा चक्रावर अर्धा मिलिमीटर घांसल्यास ही चूक क्रँकच्या सुमारें एका अंशाची होते. ती भरून काढणें हें या चक्राचें खरें काम.

येथें मला एक घरची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जालन्यास माझे एक आप्त आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांची जुनी लहान मोटार हीच त्यांच्या घरची सोय. वृद्ध आईला दवाखान्यांत नेणें असो वा अंगारकीला राजूरच्या गणपतीस जाणें असो, सारें तिच्यावर. एका वैशाखांत पाणी आटून इंजिन तापलें, हेड घांसावें लागलें. गाडी परत आली ती अगदीं निर्जीव होऊन. चढावर दम टाकी, पेट्रोल मात्र भरपूर पिई. एका गॅरेजवाल्यानें सांगितलें, “सर, हेड घांसलें आहे, आतां भारी गिअर बसवा, गाडी नवी होईल.” सांगितलेली किंमत त्यांच्या निवृत्तिवेतनाचा मोठा वांटा खाणारी होती. ते पैसे देण्यास निघालेहि होते. सुदैवानें गल्लींतील एक वृद्ध मिस्त्री म्हणाला, “सर, औषध नंतर, आधीं नाडी पाहूं.” त्यानें झांकण काढलें, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर आणला आणि खुणा पाहिल्या. पट्टा एक दांता चुकीचा बसला होता! हेड घांसल्यामुळें पडलेला फरक एका अंशाचा, पट्ट्याची चूक अठरा अंशांची. पट्टा नीट बसवितांच गाडी पूर्ववत् झाली. नव्या गिअरची गरजच नव्हती.

तेव्हां पहिला नियम हा, कीं मोजल्यावांचून कांहीं घेऊं नये. घेणें ठरलेंच, तर पुढील गोष्टी पहाव्या. दांत्यांची संख्या व त्यांचा आकार आपल्या पट्ट्याशीं तंतोतंत जुळला पाहिजे. आकार जुळला नाहीं तर पट्टा लवकर झिजतो. खुणा क्रँकच्या अंशांच्या आहेत कीं कॅमच्या, हें विचारावें. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. बोल्ट मजबूत असावे, कारण ते सैल झाले तर वेळ आपोआप सरकेल, आणि कित्येक इंजिनांत झडप पिस्टनवर आपटून वांकेल. एकाच कॅमदांड्याच्या इंजिनांत आंत घेणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या झडपा एकदमच सरकतात. दोन दांडे असतील तरच त्या वेगवेगळ्या हलवितां येतात.

बसवितांना बॅटरीची तार काढावी, पिस्टन माथ्यावर आणून दोन्ही खुणा जुळवाव्या, आणि पट्टा निघालेला असतां क्रँक वा कॅम उगाच फिरवूं नये. नवें चक्र शून्यावर ठेवून बसवावें. मग इंजिन हातानें, सावकाश, क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवावें. कोठें अडलें तर जोर करूं नये. तें झडपेचें बोलणें समजावें. त्यानंतर क्रँकवर अंशांची तबकडी व झडपेवर डायल गेज लावून खरी वेळ मोजावी. वेळ पुढें आणली तर साधारणतः मंद वेगांत ओढ वाढते. मागें नेली तर जोराच्या वेगांत. ज्या गाडींत ठिणगीचा डिस्ट्रिब्यूटर कॅमवरूनच फिरतो, तेथें कॅम हलला कीं ठिणगीहि हलते. ती पुन्हां जुळविलीच पाहिजे. हें विसरल्यामुळें दोष ठिणगीचा आणि बोल चक्राला, असें पुष्कळदां घडतें.

१९८० सालीं इटलीच्या आल्फा रोमिओनें चालत्या इंजिनांत कॅमची वेळ आपोआप बदलणारी योजना विक्रीच्या मोटारींत आणली. आतां पुष्कळ मोटारींत तेलाचा दाब आणि संगणक मिळून हें काम क्षणोक्षणीं करतात. म्हणजे आगगाडीच्या ड्रायव्हरच्या हातांतून निसटलेला तो दांडा सुमारें शंभर वर्षांनीं मोटारीस परत मिळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या वृद्ध मिस्त्र्यानें त्या दिवशीं मजुरी घेतली ती फक्त पट्टा बसविण्याची. आमच्या सरांनीं अधिक देऊं केली तेव्हां तो म्हणाला, “मीं कांहीं नवें घातलें नाहीं, सर. जें जेथें असावें तेथें ठेवलें.” पुढच्या अंगारकीला त्यांची आई त्याच गाडींतून राजूरला जाऊन आली.