देशाची वकील, जगाची न्यायाधीश

जुलै २०१४. बंगालच्या उपसागरातला २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्र नेमका कुणाचा? हेगच्या लवादाने त्यातला १९,४६७ बांगलादेशला दिला. भारताने निकाल मान्य केला. तिथे भारत सरकारच्या प्रतिनिधी होत्या परराष्ट्र खात्याच्या कायदा सल्लागार नीरू चड्ढा.

तीनच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, त्या हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या निवडणुकीत उमेदवार होत्या. मतदार कोण? सागरी करारातले देश, म्हणजे बांगलादेशही! पहिल्याच फेरीत १२० मतं, नऊ वर्षांची मुदत.

मला विचाराल तर, विरोधातला निकालही पाळणाऱ्या देशाच्या वकिलावर इतरांचा भरवसा बसतो. खुर्चीत बसल्यावर मात्र खरी परीक्षा: आता आपल्या देशाचीही बाजू घ्यायची नाही.