संग्राहकांचा ध्यास आणि संग्रहाचे भवितव्य

संग्रह करण्याची वृत्ती मनुष्यमात्रात उपजतच असते. लहान मूल नदीकाठचे गोटे आणि चिंचोके खिशात भरते. गृहिणीला फुटलेल्या बरणीचे झाकणही टाकवत नाही. परंतु साठा आणि संग्रह यांत अंतर आहे. साठा गरजेपोटी होतो, संग्रह ध्यासापोटी. ज्या वस्तूचा व्यवहारात कवडीचा उपयोग राहिलेला नाही, तिच्यासाठी पैसा, प्रकृती आणि संसार पणास लावणारी माणसे आपल्या देशात होऊन गेली. त्यांच्या या ध्यासाने केवढे धन वाचविले आणि ते पुढील पिढ्यांच्या हाती कसे आले, याचा विचार स्मरणिकेच्या निमित्ताने ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. विषय थोरांचा आहे. तथापि त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या घरातील माळ्याशी आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

प्रारंभ तंजावरापासून करू. सरफोजीराजे भोसले १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला. राजाकडे राहिला तो किल्ला आणि तनखा. सत्ता गेलेले राजे बहुधा विलासाकडे वळतात. सरफोजीराजे ग्रंथांकडे वळले. नायक राजांपासून चालत आलेल्या ग्रंथशाळेत त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांची भर घातली. युरोपातून वैद्यक, शास्त्रे, संगीत आणि चित्रकला यांवरील मुद्रित ग्रंथ मागविले व त्यांपैकी अनेकांवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केली. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले, तेव्हा पुण्यासमवेत पोथ्याही जोडल्या. पंडितांना वेतन देऊन ठिकठिकाणच्या पोथ्यांच्या नकला करविल्या.

१८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुषसंततीवाचून वारले आणि संस्थान खालसा झाले. ग्रंथशाळा मात्र टिकली. तिच्या टिकण्यास जी कारणे झाली, त्यांत एक महत्त्वाचे होते. बर्नेल या इंग्रज पंडिताने तेथील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची तयार करून १८८० मध्ये प्रसिद्ध केली. कोणती पोथी कोठे आहे, हे जगातील विद्वानांस ठाऊक झाले. आणि जी वस्तू पुष्कळांस ठाऊक असते, ती गुपचूप नाहीशी करणे कठीण जाते. पुढे १९१८ मध्ये ही ग्रंथशाळा सार्वजनिक झाली. सरस्वती महाल या नावाने ती आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहे.

राजाजवळ साधने होती. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्याजवळ पायांवाचून दुसरे साधन नव्हते. जुनागडचे हे गृहस्थ डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी शिलालेखांचे ठसे घेत हिंदुस्थानभर हिंडले. मथुरेस शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसविलेला, खरोष्ठी लेखांनी भरलेला सिंहशीर्षाचा दगड त्यांच्याच दृष्टीस पडला. सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खननही त्यांनीच १८८२ मध्ये केले. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छापत्रान्वये हस्तलिखिते मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेकडे राहिली. नाणी व पुराणवस्तू मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, आणि तो मथुरेचा सिंहशीर्षही त्यांबरोबर गेला. तो तेथे सुरक्षित आहे, हे खरे. परंतु मथुरेच्या मुलाला तो पाहावयाचा तर समुद्र ओलांडला पाहिजे, हेही खरे. संग्रह कोणाच्या हाती द्यावा, या निर्णयाचे परिणाम शतकानुशतके राहतात, ते असे.

महाराष्ट्रात या ध्यासाचे अत्यंत प्रखर रूप पाहावयाचे असेल, तर ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या चरित्रात पाहावे. तरुणपणीच पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. मराठ्यांचा इतिहास बखरींच्या ऐकीव मजकुरावर रचू नये, त्या त्या वेळच्या अस्सल पत्रांवर रचावा, ही त्यांची निष्ठा होती. ती पत्रे सरदार, कारकून, देशपांडे, जोशी, कुलकर्णी यांच्या वाड्यांत, फडताळांत आणि माळ्यांवर कुजत पडली होती. राजवाडे गावोगाव पायी हिंडले आणि दाराशी जाऊन कागद मागू लागले. कोणी दिले, कोणी संशयाने दार लावले, कोणाच्या घरी ते जाण्यापूर्वीच वाळवीने काम उरकले होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. पुढे मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले आणि १९२६ च्या डिसेंबर अखेरीस धुळे येथे त्यांचा अंत झाला. १९२७ मध्ये धुळ्यातील मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन करून त्यांचे कागद सांभाळले. घर नाही, संतती नाही, द्रव्य नाही, अशा माणसाच्या मागे दोन शहरांत दोन संस्था उभ्या राहिल्या.

याच राजवाड्यांच्या हातून घडलेली एक गोष्ट संग्रहाचा विचार करणाऱ्याने विसरू नये. त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. तिचा पाठ त्यांनी १९०९ मध्ये छापून काढला. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिचे अक्षर, तिची शाई, तिचा कागद पाहून तिचे वय ठरविण्याचा मार्ग कायमचा बंद झाला आहे. पाठ मात्र राहिला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने जी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तिला या राजवाडे-संहितेचाच आधार घेण्यात आला. एवढ्या मोठ्या संशोधकाच्या हातातूनही मूळ वस्तू निसटू शकते. आणि नक्कल करून ठेवली असेल तर निदान तिचा आत्मा वाचतो. दोन्ही बोध एकाच पोथीने दिले आहेत.

राजवाड्यांचे समकालीन दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची प्रकृती अगदी निराळी होती. राजवाडे फटकळ आणि विरक्त, पारसनीस व्यवहारचतुर. संस्थानिकांचे दरबार असोत की इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले असोत, त्यांना सर्वत्र प्रवेश असे. मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर त्यांच्या हाती आले. जुनी चित्रेही त्यांनी जमविली. साताऱ्यास त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये सरकारी इमारत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरावर आयुष्य वेचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तोही याच काळात. तिघांचे स्वभाव तीन दिशांचे होते. पण कागद दिसला की तहानभूक हरपावी, ही खूण तिघांत समान होती.

आतापर्यंत पोथ्या, पत्रे आणि शिलालेख झाले. परंतु इतिहास केवळ अक्षरांत राहत नाही. तो स्वयंपाकघरात आणि माजघरातही राहतो. हे ज्यांनी आपल्या डोळ्यांना दाखविले, ते पुण्याचे दिनकर गंगाधर ऊर्फ काका केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या आणि चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती, वज्र्या, पानाचे डबे, गंजिफा, वाद्ये, कोरीव दरवाजे, पैठणी चित्रे, अशा ज्या वस्तूंकडे इतिहासकारांनी ढुंकून पाहिले नव्हते, त्या त्यांनी खेडोपाडी हिंडून मिळविल्या. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. नुसत्या दिव्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ व्हावा, इतके प्रकार त्यांच्याकडे जमले; आणि तसा ग्रंथ १९६१ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने खरोखरच काढला.

पाय घासण्याच्या वज्रीवर एखाद्या अनामिक तांबटाने मोर किंवा हत्ती घडवावा, सुपारी कातरण्याच्या अडकित्त्याला स्त्रीपुरुषांची आकृती द्यावी, हे पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांची रसिकता दरबारापुरती नव्हती, हे पटते. या कारागिरांची नावे कोणत्याही सनदेत सापडणार नाहीत. काकांनी या वस्तू उचलल्या नसत्या, तर त्या मोडीच्या भावाने तांबटाच्या भट्टीत गेल्या असत्या.

काकांचा मुलगा राजा बालवयातच वारला. त्याच्या नावाने हे संग्रहालय ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणून ओळखले जाते. पत्नी कमलाबाई यांची या कामी त्यांना साथ होती. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह काकांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यानंतर पंधरा वर्षे, १९९० पर्यंत, ते हयात होते. जन्मभराची मिळकत आपल्या डोळ्यांदेखत समाजाला देऊन टाकावी आणि तरीही तिच्यातच रमावे, हे भाग्य थोड्या संग्राहकांच्या वाट्यास येते. पुष्कळांना देणे जमत नाही. ध्यास जितका उत्कट, तितकी मूठ घट्ट. आणि मूठ उघडते तेव्हा वारस आणि भंगारवाले यांची आधीच बोलणी झालेली असतात.

वरील सर्व चरित्रांतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. ध्यासाने संग्रह होतो. परंतु संग्रह टिकतो तो नोंदीने आणि वेळीच केलेल्या सोपवणुकीने. तंजावरास सूची झाली. राजवाड्यांनी कागद छापले. केळकरांनी हयातीत दान दिले. जेथे या दोहोंपैकी काहीच घडले नाही, तेथे संग्रह संग्राहकाबरोबरच संपला. आणि अशा संग्राहकांची नावे आपणांस ठाऊकही नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या ज्ञातीतील घराण्यांचे कुलवृत्तांत लिहावयास जे बसतात, त्यांना विचारा. त्र्यंबकच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या खापरपणजोबांचे नाव मिळते. परंतु आपल्याच वाड्यात त्यांच्या हातचा एक कागद मिळत नाही. गावोगावचे वाडे पडत आहेत, शहरांतील जुन्या घरांच्या जागी उंच इमारती उठत आहेत, आणि प्रत्येक स्थलांतरात एक पेटी रद्दीत जाते. मोडी वाचता येईनासे झाल्याने वतनाचा कागद आणि वाण्याची यादी यांतील भेद घरच्यांना कळत नाही. मुळात वाण्याच्या यादीलाही मोल आहे. कोणत्या साली घरात किती तूप आले, मुंजीला किती पाने उठली, माहेरवाशिणीला काय दिले, यातूनच सामान्य कुटुंबाचा इतिहास उभा राहतो. यांतील कितीतरी कागद आणि वस्तू आपल्या आज्या-पणज्यांनी जपल्या. त्यांना कोणी संग्राहक म्हटले नाही. पण देवघराच्या कोनाड्यातील दिवा अजून तेथे असेल, तर तो त्यांच्यामुळे आहे.

यास्तव प्रत्येक कुटुंबास आमचे एवढेच सांगणे आहे. माळ्यावरची पेटी एकदा उतरवावी. कागद उन्हात तापवू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. जुन्या दप्तरदारांप्रमाणे धुतलेल्या सुती रुमालात सैल बांधून कोरड्या जागी ठेवावेत. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून प्रत्येक वस्तू कोणाची, कोठून आली, कशाला वापरीत, हे एका वहीत लिहून घ्यावे. हे काम पुढील वर्षावर टाकू नये, कारण वस्तू पुढील वर्षी असेल, सांगणारा असेलच असे नाही. कागदांची छायाचित्रे आज खिशातील भ्रमणध्वनीनेही निघतात. ती दोन-तीन नातलगांकडे असू द्यावीत. आणि घरात पुढे सांभाळणारे कोणी नाही असे दिसले, तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे मंडळ यांसारख्या संस्थेकडे स्वहस्ते, यादीसह सोपवावेत.

राजवाडे दाराशी येत, तेव्हा आपल्यासारख्याच घरांतून त्यांना कधी कागद मिळे, कधी नकार. आता दाराशी येणारा राजवाडे नाही. येतो तो रद्दीवाला, आणि तो वजनाने मोजतो. त्याच्या तराजूत आपल्या पूर्वजांची अक्षरे पडण्यापूर्वी ती एकदा वाचून, निदान नोंदवून ठेवावीत, ही सर्व ज्ञातिकुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.