‘गिव्ह अप’ची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना व्याकरणापेक्षां ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दांनींच अधिक छळिलें आहे. परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी मराठीच्या वळणानें ‘गेव्ह’ म्हणतो. त्यांत ‘अप’ची भर पडली, कीं तो परीक्षेला बसलाच नाहीं असा अर्थ व्हावयाचा! डॉ. जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत परकीयांना याच जोडक्रियापदांची अडचण सर्वांत मोठी, अशी कबुली दिली आहे. तेव्हां दोष सर्वस्वीं आपल्या मुलांचा नव्हे.

जुन्या इंग्रजींत उपसर्ग बहुधा धातूला आधीं चिकटलेला असे. ‘सोडून देणें’ या अर्थीं ‘ऑफ्‌यिएव्हन’ असा एकजीव शब्द होता, आपल्या ‘परित्यजति’सारखाच. पुढें नवव्या शतकांत इंग्लंडच्या पूर्व भागांत डेन लोकांनीं वसती केली. त्यांच्या भाषेंतले उपसर्ग झडून गेले होते व क्रियापदामागून सुटें अव्यय येई. त्यांच्या सहवासानें इंग्रजीचें वळण पालटलें, असें कित्येक पंडित मानतात. मला तें ग्राह्य वाटतें. कारण ‘गिव्ह’मधील कठोर ‘ग’देखील त्यांचाच.

‘गिव्ह अप’ची एक जुनी नोंद पीटरबरोच्या मठांतील बखरींत सांपडते. ११३९ च्या जूनमध्यें राजा स्टीफन यानें सॉल्झबरीचा बिशप रॉजर व त्याचा पुतण्या, लिंकनचा बिशप अलेक्झांडर, यांना ऑक्सफर्ड येथें कैद केलें. रॉजर मागल्या राजाचा बडा कारभारी; त्याचे किल्ले बळकट, आणि राजाच्या मनांत फितुरीचा संशय. डिव्हाइझेसच्या किल्ल्यापुढें रॉजरच्या मुलाला फांसावर चढविण्याची धमकी दिली, तेव्हां किल्ला रिकामा झाला. म्हातारा बिशप त्याच डिसेंबरांत वारला. सुमारें ११५५ सालीं लिहिणारा तो साधु हें सारें एका वाक्यांत आटोपतो: किल्ले ‘गिव्ह अप’ करीपर्यंत राजानें त्यांना बंदींत ठेविलें.

म्हणजे येथें व्यसनाचा वा आशेचा त्याग नव्हे, तर बळजबरीनें हवालीं करणें आहे. १६११ च्या बायबलांत याच शब्दांनीं क्रूसावरील येशू प्राण सोडतो. तेथें ‘देणें’ पुष्कळ विरळ झालें आहे.

वेदांत उपसर्ग धातूपासून दूर, क्वचित् मागेंही, येतो. पाणिनीला त्यासाठीं वेगळीं सूत्रें करावीं लागलीं. आपल्याकडे सुटे होते ते चिकटले, इंग्रजींत चिकटलेले सुटले. मराठीनें मात्र तिसराच मार्ग धरला: ‘सोडून देणें’. येथेंही ‘देणें’ आहेच! मराठी शिकणारा एखादा इंग्रज उद्यां विचारील, “सोडलें हें खरें, पण दिलें कोणाला?”